एकच फ्रेम, रोजचं वेगळं ऊन

मे महिन्यात आम्हाला फोटोग्राफीची एक असाइनमेंट होती. एकच जागा निवडायची. कडक उन्हात तिचा एक फोटो काढायचा आणि भर पावसात दुसरा. उभं राहायची जागा तीच, फ्रेम तीच, बदलायचं ते फक्त हवामान. ऐकायला एकदम सोपं! मी राहते नायगावात. दादर स्टेशनकडे चालत निघालं की दादासाहेब फाळके रोड लागतो. तिथलाच एक कोपरा निवडला. मे महिन्यातला फोटो दोन मिनिटांत झाला. जुलैमध्ये हिंदमाताला पाणी भरलं, त्या दिवशी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन दुसराही काढला. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवले, तर एक फोटो दुसऱ्यावर बसेचना. मी चार पावलं चुकले होते. उंचीही वेगळी होती. दोन्ही फोटोंत नीट वाचता येत होती ती फक्त रस्त्याच्या नावाची पाटी.

ज्यांचं नाव त्या पाटीवर आहे, त्या माणसाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी नेमकं हेच काम करून दाखवलं होतं. कॅमेरा हलवायचा नाही, जागा बदलायची नाही आणि समोर काय बदलतंय ते दिवसेंदिवस टिपत राहायचं. तेही याच दादरमध्ये. फाळके म्हटलं की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आणि पुरस्कार एवढंच आठवतं. त्याच्या आधीचा माणूस आपल्याला फारसा माहीतच नसतो.

कॅमेऱ्याला घाबरणारं गाव

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजमध्ये नोकरी लागली आणि कुटुंब इकडे आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी असं बरंच काही शिकले. १८९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. म्हणजे तेव्हा ते विशीत होते, आत्ता आपण आहोत तसे.

करिअर मात्र अजिबात सरळ नव्हतं. आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. ते बडोद्याला परतले आणि पुन्हा फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. पण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी समजूत तेव्हा पसरली होती. फोटो काढायला लोक पुढेच येईनात. मग नाटकांचे पडदे रंगवले. कार्ल हर्ट्झ नावाच्या परदेशी जादूगाराच्या सहवासात जादू शिकले आणि आपलं आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग केले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. स्वदेशीच्या दिवसांत ती सोडून लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला, तो पुढे दादरला आणला. नवीन तंत्र बघायला १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. शेवटी भागीदारांशी पटेना, म्हणून त्यातूनही बाहेर पडले.

आजच्या भाषेत सांगायचं तर चाळिशीत आलेला, घरात बायको-मुलं असलेला, हातात नोकरी नसलेला माणूस. रेझ्युमे लांबलचक, पण एकही गोष्ट टिकलेली नाही.

डोळे गेले, मग परत आले

याच काळात गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण येत होते. पुन्हा गेले, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. त्यानंतर जवळपास रोज सिनेमा बघणं आणि घरी मेणबत्ती, भिंगं, परदेशी कॅटलॉग घेऊन रात्र रात्र प्रयोग करणं सुरू झालं. झोप जेमतेम तीन तास. व्हायचं तेच झालं. दृष्टी गेली. काही काळ त्यांना दिसतच नव्हतं. उपचार आणि वेगवेगळे चष्मे यांच्या जोरावर ते पुन्हा बघू लागले.

इथे मी वाचता वाचता थांबले. ज्याचं सगळं काम डोळ्यांवर चालतं त्याचे डोळे जातात, परत येतात, आणि डोळे परत आल्यावर तो पहिलं काम करतो ते विमा पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढण्याचं! १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, सिनेमा तयार कसा होतो ते समजून घेतलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. एप्रिलमध्ये परत आले. कुटुंबाचा मुक्काम आता दादर मेन रोडवरच्या मथुरा भुवनात होता. तोच रस्ता आज दादासाहेब फाळके रोड आहे.

कुंडीतला वाटाणा

कॅमेरा आला, पण सिनेमा काढायला पैसे कुठे होते? आणि हा माणूस सिनेमा बनवू शकतो यावर सावकाराने विश्वास का ठेवावा? फाळक्यांनी भाषण केलं नाही. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ त्या कुंडीचं चित्रण केलं. रोज थोडंच. पण जागा तीच, चौकट तीच.

हे किती किचकट आहे याचा हिशेब करून बघा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं लागायची. म्हणजे एका मिनिटासाठी हजाराच्या आसपास. यातल्या प्रत्येक दोन चित्रांच्या मध्ये कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागता कामा नये, कुंडी इंचभरही सरकता कामा नये. त्यात उजेडाची भानगड वेगळीच. टाइमलॅप्स करून पाहिलेल्या कुणालाही विचारा. एक दिवस लख्ख ऊन, दुसऱ्या दिवशी ढग, की पडदा लुकलुकायला लागतो. आपण मोबाइलवर एक्सपोजर लॉक करतो आणि विसरतो. तेव्हा कॅमेऱ्यात ना मीटर होतं, ना स्क्रीन. काढलेलं बरोबर आलंय की नाही, हे फिल्म धुतल्यावरच कळायचं. म्हणजे महिनाभराची मेहनत वाया गेली तर तेही महिन्यानंतरच कळणार.

ती वाया गेली नाही. ‘अंकुराची वाढ’ हा जेमतेम मिनिटभराचा लघुपट तयार झाला. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होते. डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट पडद्यावर दिसली. तो पाहून पैसे देणारे तयार झाले. तरीही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

पांढऱ्या चादरी धरणाऱ्या सरस्वतीबाई

सरस्वतीबाईंबद्दल एक परिच्छेद पुरणार नाही, पण तोही लिहिला नाही तर ही गोष्ट खोटी ठरेल. कच्ची फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात मशीनवर पाडायचं काम त्यांनी शिकून घेतलं. फिल्म धुवायला त्या मदत करायच्या. युनिटमधल्या सगळ्यांचा स्वयंपाक त्यांचा, कपडे धुणंही त्यांचंच. आणि शूटिंगच्या वेळी भर उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभं राहणंही त्यांच्याकडेच. ती चादर म्हणजे आजचा रिफ्लेक्टर. नटांच्या चेहऱ्यावर सावली पडली की चादरीवरून ऊन परतवायचं.

कारण सगळा खेळ उन्हाचा होता. त्या वेळच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा. लाल रंग तिला जवळजवळ काळाच दिसायचा आणि निळं आभाळ पांढरंफटक. दादरमध्ये सेट लावला तरी दिवा म्हणजे सूर्यच. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण व्हायला ६ महिने २७ दिवस लागले आणि एप्रिल १९१३ मध्ये तो लोकांना दाखवला गेला. मागे मोजत गेलं तर सुरुवात पावसाळा संपता संपता येते. मुंबईत राहणाऱ्या कुणालाही यामागचं गणित वेगळं सांगायला नको.

फाळक्यांची जादूही उन्हावरच अवलंबून होती. देव अचानक प्रकट होतो, माणूस अचानक गायब होतो, हे कसं करायचे? कॅमेरा जागच्या जागी ठेवायचा, थांबवायचा, माणसाला बाजूला करायचं आणि पुन्हा सुरू करायचा. कुंडीचंच तत्त्व. पण मधल्या त्या मिनिटभरात सूर्यावर ढग आला तर? सावल्या बदलणार आणि चलाखी उघडी पडणार. म्हणजे देवाला प्रकट व्हायलासुद्धा आभाळाची परवानगी लागायची!

बाहेरचं चित्रण वांगणीला झालं. मेकअप केलेले, हातात तलवारी घेतलेले लोक पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेलं. फाळक्यांना शूटिंग कसं होतं ते करून दाखवावं लागलं, तेव्हा सुटका झाली. हा किस्सा मजेशीर आहे. दुसरा नाही. त्यांचा मुलगा भालचंद्र यात रोहिदास झाला होता. खेळताना पडून त्याच्या डोक्याला मार लागला. रोहिदासाच्या मृत्यूचं दृश्य बाकी होतं. फाळक्यांनी काम न थांबवता त्याच अवस्थेत मुलाला चितेवर ठेवून ते दृश्य घेतलं, असं सांगितलं जातं. याला जिद्द म्हणायचं की अतिरेक? मला दोन्ही वाटतं. मोठ्या माणसाबद्दल लिहिताना हे गाळायची सवय आपल्याला लागू नये, म्हणून लिहिलं.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले होते आणि तारामती झाले होते अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे. कारण सिनेमात काम करायला एकही बाई तयार झाली नव्हती. सिनेमा चालला. कर्ज फिटलं.

हवा बदलली

पुढे फाळके नाशिकला गेले. १९१७ मध्ये ‘लंका दहन’ प्रचंड चालला. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण भागीदारांशी पुन्हा वाजलं आणि ते काशीला निघून गेले. तिथे नाटक लिहिलं, काही काळाने परत आले. तोवर सिनेमा बदलत चालला होता. १९३१ मध्ये बोलपट आला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला नंतर आवाज चिकटवावा लागला. कोल्हापूरला केलेला ‘गंगावतरण’ हा १९३७ चा त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला होता त्यात त्यांना काम उरलं नव्हतं. पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. म्हणजे ते गेल्यावर २५ वर्षांनी.

शेवट वाचताना वाईट वाटतं. पण मला राहून राहून ती कुंडीच आठवते. आधी आठ-दहा ठिकाणी अपयश घेतलेला, डोळे जाऊन परत आलेले, डोक्यावर कर्ज. असा माणूस महिनाभर एका कुंडीसमोर तीच फ्रेम लावून बसतो. रोज बघितलं तर काहीच घडत नाहीये असं वाटणारं काम. आपल्याला रील टाकून दहा मिनिटांत व्ह्यूज नाही आले तर आपण ती डिलीट करतो.

असाइनमेंट मी परत केली. या वेळी उभं राहायच्या जागेवर खडूने खूण केली, पण ती पहिल्याच सरीत वाहून गेली. मग समोरच्या दुकानाच्या शटरची कड आणि विजेचा खांब एका रेषेत कुठून दिसतात ते शोधलं. आता तिथेच उभी राहते. ऊन, रिमझिम, पाणी तुंबलेलं, पाऊस थांबल्यावरचं पिवळं आभाळ असे आतापर्यंत अकरा फोटो झालेत. एकावर एक ठेवले की पाटी जागची हलत नाही आणि बाकी सगळा रस्ता बदलत राहतो. असाइनमेंट दोनच फोटोंची होती. पण आता थांबावंसं वाटत नाहीये.