सर जॉन चार्नली व शल्यवैद्याचा झगा



आपल्या बीड जिल्ह्यांत, पालीच्या आसपासच्या शिवारांत, कपाशीचीं बोंडें फुटूं लागलीं म्हणजे वेंचणी करणाऱ्या बायांच्या ओट्या भरून जातात. अशाच कापसाच्या सुताचा झगा शल्यवैद्य शस्त्रक्रियेच्या वेळीं अंगांत घालीत आले आहेत. तो धुतलेला व वाफेनें निर्जंतुक केलेला असल्यामुळें रोग्यास त्यापासून कांहीं भय नाहीं, असें आपण सहज समजतों. मोठमोठ्या वैद्यांचीही एकेकाळीं हीच समजूत होती. ती समजूत पारखून पाहणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजीं इंग्लंडांतील लँकशायर परगण्यांत बेरी ह्या गांवीं झाला. तो सारा मुलूख सुताच्या गिरण्यांचा. त्यांचे वडील औषधविक्रेते होते, व आईनें परिचारिकेचें शिक्षण घेतलेलें होतें. मँचेस्टर येथें वैद्यकीचा अभ्यास करून ते १९३५ सालीं पदवीधर झाले. दुसरें महायुद्ध सुरू होतांच ते सैन्यांत डॉक्टर म्हणून दाखल झाले, व पुढें ईजिप्त देशांत त्यांनीं जखमी शिपायांच्या मोडलेल्या हातापायांना आधार देणारीं साधनें तयार करविलीं.

युद्ध संपल्यावर, मोडलेलें हाड कसें जुळून येतें हें जाणण्याच्या इच्छेनें, त्यांनीं स्वतःच्या पायाच्या नळीवर शस्त्रक्रिया करवून घेतली. दुर्दैवानें ती जागा चिघळली, हाडांत पू झाला, व पुन्हां शस्त्र लावावें लागलें. शस्त्रक्रियेनंतर जखमेंत जंतु शिरल्यानें रोग्याची काय दशा होते, हें त्यांस असें स्वानुभवानें कळलें.

वयोमानानें अथवा रोगानें ज्यांचा खुब्याचा सांधा झिजतो, त्यांस पाऊल टाकणें नकोसें होतें व रात्रीं झोंपही लागत नाहीं. अशांसाठीं कृत्रिम सांधा घडविण्याचें काम चार्नली यांनीं लँकशायरांतील राइटिंग्टन येथील रुग्णालयांत हातीं घेतलें. हें रुग्णालय पूर्वीं क्षयरोग्यांचें होतें. प्रथम त्यांनीं मांडीच्या हाडाला पोलादी गोळा व खुब्याला टेफ्लॉनची वाटी बसविली. सुमारें तीनशें रोग्यांस तिनें आरंभीं मोठें सुख दिलें. परंतु तीं माणसें दोनचार वर्षांत पुन्हां लंगडत परत आलीं, कारण वाटी झिजून गेली होती. चार्नली यांनीं आपली चूक झांकून ठेविली नाहीं. त्या रोग्यांवर त्यांनीं पुनः शस्त्रक्रिया केल्या, आणि झिजलेल्या पदार्थानें शरीरास काय अपाय होतो हें पाहण्यासाठीं त्याचे कण स्वतःच्या मांडींत टोंचून घेतले. अखेरीस १९६२ सालीं अधिक टिकाऊ असें पॉलिएथिलीन त्यांस मिळालें, व तो सांधा जगभर मान्य झाला.

तथापि एक शत्रु अजून उरला होता. आरंभींच्या दिवसांत शंभरांपैकीं सुमारें सात रोग्यांच्या नव्या सांध्यांत पू होई. परक्या धातूच्या आसऱ्यास राहिलेले जंतु औषधानें सहसा मरत नाहींत. तेव्हां बहुधा तो सांधाच काढून टाकावा लागे, व रोगी पूर्वीपेक्षांही अधिक पंगु होई. चार्नली यांनीं शस्त्रक्रियेच्या खोलींत एक लहान कोठडी उभारून तींत गाळलेली स्वच्छ हवा वरून सोडण्याची व्यवस्था केली. त्यानें पुष्कळ गुण आला. परंतु तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं आपल्याच अंगाकडे व आपल्याच झग्याकडे संशयानें पाहिलें.

मनुष्याची कातडी नित्य झडत असते. प्रत्येकाच्या शरीरावरून दररोज लक्षावधि सूक्ष्म पापुद्रे गळतात, व हालचाल केली म्हणजे अधिकच गळतात. त्यांतील कांहींवर जंतु बसलेले असतात. असा पापुद्रा बहुधा मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा असतो. साध्या सुती झग्याच्या उभ्या आडव्या धाग्यांमधील छिद्र मात्र दहाव्या हिश्शाच्या जवळपास असतें. मोठ्या भोकांच्या चाळणींतून मोहरी निसटावी, तसे हे पापुद्रे कापडांतून बाहेर पडतात. शिवाय झगा रक्तानें अथवा पाण्यानें भिजला, कीं ओलीबरोबर जंतु सहज पलीकडे जातात. १९६९ सालीं चार्नली यांनीं एफ्तेखार नामक सहकाऱ्यासह, शल्यवैद्याच्या अंगावरील जंतु झग्यांतून पार जातात, हें लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलें. वाफेनें शुद्ध केलेलें वस्त्र घालणाऱ्याच्या घामानें व कातडीनें आंतून अशुद्ध होत होतें.

मग नुसतें घट्ट विणीचें कापड कां घेऊं नये? तें घालून तासन्तास उभें राहिलें असतां मनुष्य उकाड्यानें व्याकुळ होतो, व आंतील हवा मान आणि बाह्या यांच्या फटींतून बाहेर पडते. म्हणून चार्नली यांनीं घट्ट विणीचा, डोकें झांकणारा झगा करविला, तोंडापुढें पारदर्शक पडदा लाविला, व आंतील हवा नळीनें ओढून बाहेर नेली. सुमारें दहा वर्षांत जंतुदोषाचें प्रमाण शंभरांत सातावरून एकाच्याही खालीं आलें.

ह्या काळांत अनेक सुधारणा एकत्र झाल्या होत्या. तेव्हां कोणत्या उपायानें किती गुण आला, अशी शंका विद्वानांनीं घेतली. ती रास्तच होती. म्हणून ब्रिटन व स्वीडन येथील रुग्णालयांत मिळून आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांवर पडताळा घेण्यांत आला. अतिशुद्ध हवेनें दोष निम्म्यावर येतो, व त्या हवेस हवा ओढून घेणाऱ्या झग्याची जोड दिली तर चौथाईवर, असा त्याचा निष्कर्ष जुलै १९८२ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यांत, ५ ऑगस्ट १९८२ रोजीं, चार्नली निवर्तले. १९७७ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली होती.

त्यांचें सर्वच मत आज जसेंच्या तसें मान्य आहे असें नाहीं. आतां शस्त्रक्रियेपूर्वीं जंतुनाशक औषध देतात; आणि केवळ जंतुदोष टाळण्यासाठीं तशी विशेष हवेची योजना करूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं सुचविलें. झग्यांविषयींची त्यांची मुख्य गोष्ट मात्र टिकली आहे. घट्ट विणीचे, अथवा कृत्रिम धाग्यांच्या न विणलेल्या थरांचे, पाणी न शोषणारे झगे आज पुष्कळ ठिकाणीं वापरतात.

आपणांपैकीं पुष्कळांस आजाऱ्यांच्या घरीं जावें लागतें. वरून पांढरी दिसणारी पट्टी भिजली असेल, तर ती जखमेचें रक्षण करीत नाहीं. ती दवाखान्यांत दाखवून बदलून घ्यावी. जखमेस हात लावण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे, व अंगावरील पदराचा टोक किंवा धोतराचा सोगा तिला लागूं देऊं नये. रोग्यास अपाय कोठून होतो हें शोधतांना चार्नली यांनीं प्रथम स्वतःस तपासलें. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकानें तसें करावें.