लोखंडाने जमीन नासते असं लोक मानायचे, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकायला काढला

माथेरानच्या चौक पॉइंटवर उभं राहिलं की खाली खालापूर तालुका पसरलेला दिसतो. दुसऱ्या अंगाला नेरळ आणि कर्जत. पावसाळ्यात भाताची हिरवीगार खाचरं आणि त्यांच्या अधूनमधून लाल कौलांची, रंगीत पत्र्यांची नवी घरं. गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाण्याच्या अनेकांनी इथं अर्धा एकर, एक एकर जमीन घेतली. कुणी फार्महाऊस बांधलं, कुणी वडिलोपार्जित शेतीकडे परत वळलं.

जमीन हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आधी काय घ्यायचं? पॉवर टिलर? गवत कापायचं मशीन? की सरळ छोटा ट्रॅक्टर?

सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या शेतकऱ्यापुढेही हाच प्रश्न आला होता. फक्त तेव्हा विकत घ्यायची वस्तू होती लोखंडी नांगर आणि ती विकायला निघालेला माणूस होता लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचं आयुष्य बघितलं तर पहिलं अवजार कसं निवडावं, याचं उत्तर बऱ्यापैकी मिळून जातं.

रंग ओळखता येईनात, म्हणून यंत्रांकडे वळले

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात शेतीचा किंवा कारखान्याचा वारसा नव्हता. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमायचं नाही. त्याला दोनच गोष्टींचा नाद, चित्रं काढणं आणि वस्तू खोलून बघणं.

चित्रांच्या नादाने ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथं लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरकच कळत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला रंगांधळेपण. बाकी कुणी असता तर घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची चित्रं काढायला रंग कुठे लागतात? ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, महिना ४५ रुपयांवर शिकवू लागले.

याच काळात त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपयांच्या घरात होती, म्हणजे त्यांच्या सव्वा ते जवळपास दोन वर्षांच्या पगाराएवढी. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला मोठे भाऊ रामुअण्णांकडे पाठवायचे. रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवायचे. शिकवणीचे १५ रुपये वेगळे.

ही छोटी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नवी वस्तू नुसती विकून भागत नाही, ती वापरायला शिकवावी लागते, हे किर्लोस्कर बंधूंना सायकलने शिकवलं.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

नांगराच्या आधी कडबा कापायचं यंत्र

बेळगावात छोटा कारखाना सुरू झाला. शेतीसाठी त्यांनी आधी काय बनवलं असेल? नांगर नाही. कडबा कापायचं यंत्र.

ऐकायला साधं वाटतं. पण ज्वारीची अख्खी ताटं बैलापुढे टाकली की तो पाला खातो आणि जाड बुडखे तुडवून टाकतो. तीच ताटं बारीक कापून दिली तर नासाडी कमी होते आणि तेवढाच कडबा जास्त दिवस पुरतो. उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई ज्याने पाहिली आहे त्याला हे समजवावं लागत नाही. शिवाय हे यंत्र गोठ्यात उभं राहतं, हाताने फिरतं आणि रोज कामाला येतं. शेतीची पद्धत बदलावी लागत नाही. यंत्र अगदी चुकीचं निघालं तरी वर्षाचं पीक बुडत नाही.

नंतर, १९०३ च्या सुमारास, लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला. आणि इथं गाडी अडली.

जवळपास दोन वर्षं गिऱ्हाईक मिळेना

झालं असं की लोखंड मातीत गेलं तर जमिनीला विष बाधतं, जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांमध्ये पसरलेला होता. नांगर तयार होऊन पडले, घ्यायला कुणी येईना. पहिले नांगर खपायला जवळपास दोन वर्षं गेली.

नेमक्या त्याच काळात इकडे नेरळहून माथेरानच्या डोंगरावर रूळ चढत होते. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०४ मध्ये काम सुरू केलं आणि १९०७ मध्ये छोटी गाडी वर पोचली. लोखंडाची गाडी डोंगर चढत होती आणि लोखंडाचा नांगर मात्र मातीत उतरू शकत नव्हता.

आज आपण शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होऊ. पण त्याच्या जागी उभं राहून बघा.

त्याचा लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा, बलुत्याच्या बदल्यात. मोडला तर तोच दुरुस्त करायचा. फाळ बोथट झाला की लोहार तापवून, ठोकून परत धार काढायचा. रोख पैसा लागायचा नाही आणि दुरुस्तीला गावाबाहेर जावं लागायचं नाही. नवा नांगर मात्र रोख पैशाने घ्यायचा. त्यातला ओतीव लोखंडाचा भाग लोहाराला ठोकून नीट करता येत नाही, कारण ओतीव लोखंड घावाने वाकत नाही, तडकतं. ऐन पेरणीच्या तोंडावर तो मोडला तर कुणाकडे जायचं? शिवाय खोल जाणारा नांगर ओढायला जास्त ताकद लागते. बैल दमले तर पुढची सगळी कामं अडतात.

म्हणजे विषाचा समज खोटा होता, पण त्यामागची भीती खोटी नव्हती. चुकीच्या अवजारावर पैसा गेला तर त्या घराचं सगळं वर्ष जाणार होतं.

मग लोखंडी नांगर खपला कसा? तर त्याने एक असं काम करून दाखवलं जे लाकडी नांगराला जमत नव्हतं. लाकडी नांगर माती चिरतो, उलटवत नाही. लोखंडी नांगराचा वळवलेला पत्रा मातीचं ढेकूळ उचलून पालथं घालतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा मुळं धरून बसले की वरवरच्या नांगरटीने ते जात नाहीत, उलट जास्त फोफावतात. खोल नांगरट झाली की मुळं वर येतात आणि उन्हात वाळतात. ज्याच्या शेतात कुंदा माजला होता त्याच्यासाठी हा नांगर चैनीची वस्तू नव्हता. आणि ज्याला दोन-तीन बैलजोड्या घरच्या घरी जमत नव्हत्या, त्याच्यासाठी इर्जिक होतीच. चार शेतकरी बैल एकत्र करायचे आणि आळीपाळीने एकमेकांची रानं नांगरायचे.

निवडुंगाच्या माळावर कारखाना

विक्री जरा मार्गी लागत होती तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. हातात भांडवल नाही आणि आता जागाही नाही.

त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी लक्ष्मणरावांना ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपये कर्ज देऊ केलं. जागा कुठली, तर कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळचा माळ. पाणी नाही, सावली नाही, नुसता निवडुंग आणि साप. पण जवळून रेल्वे जात होती, त्यामुळे कच्चा माल आणायची आणि तयार नांगर पाठवायची सोय होती.

१९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला, शंभुराव जांभेकर यंत्रांच्या बाजूला राहिले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतलं आणि राखणीसारखं विश्वासाचं काम दिलं. वसाहतीत जातिभेद पाळायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड आटलं. कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. किल्ल्यांवर गंजत पडलेल्या तोफांचे नांगर झाले आणि शेतात गेले. त्याच युद्धामुळे विलायती नांगरही येईनात, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली.

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधू लिमिटेड ही कंपनी झाली. त्याच वर्षी गिऱ्हाइकांना माहिती देण्यासाठी किर्लोस्कर खबर हे पत्रक निघालं. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचं पुढे नावाजलेलं किर्लोस्कर मासिक झालं. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांनीही लोखंडी नांगराचा कारखाना काढला, त्यामुळे शेतकऱ्याला दोन देशी नांगरांतून निवडायची सोय झाली. किर्लोस्करवाडीत नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली, पंप आले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

मग माथेरानच्या पायथ्याशी आधी काय घ्यायचं?

इथं एक गंमत आहे. ज्या नांगराने दख्खनची काळी जमीन सुधारली, तोच नांगर कोकणातल्या भातशेतीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

कर्जत-खालापूरची खाचरं लहान, बांध जवळजवळ. तिथं वळायला हलका आणि एका बांधावरून दुसरीकडे खांद्यावर नेता येईल असा लाकडी नांगरच सोयीचा पडायचा. त्यात भाताला खाचरात पाणी साठून राहावं लागतं. वरच्या चिखलाखाली मातीचा जो घट्ट थर असतो तो हे पाणी धरून ठेवतो. खोल नांगराने तो थर फोडला तर पाणी खाली झिरपून जातं.

आणि याच भागात, नेरळच्या सगुणा बागेत, शेखर भडसावळे यांनी सगुणा राईस टेक्निक नावाची पद्धत विकसित केली. त्यात एकदाच मशागत करून गादीवाफे बनवतात आणि पुढे दरवर्षी नांगरणी, चिखलणी, लावणी काहीच करत नाहीत. कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच राहू देतात. दरवर्षी लागणारं अवजार म्हणजे लोखंडी साचा. तो वाफ्यावर दाबला की ठरलेल्या अंतरावर खड्डे पडतात आणि त्यात बी टाकायचं.

थोडक्यात, अवजार जमीन आणि काम बघून ठरतं. लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून तीन प्रश्न काढता येतात.

पहिला, हे रोज किंवा निदान दर आठवड्याला लागणार आहे का? कडबा कापायचं यंत्र लागायचं. अर्ध्या एकरावर पॉवर टिलर वर्षातून एक-दोन दिवस चालतो आणि बाकीचं वर्ष शेडमध्ये उभा असतो. तो गावातून तासावर भाड्याने आणता येतो. इर्जिक होती तिथं आता भाडं आहे, एवढाच फरक.

दुसरा, हे बिघडलं तर जवळ कोण दुरुस्त करतं? नेरळ-कर्जतच्या बाजारात ज्या मशीनचे सुटे भाग मिळतात ते मशीन ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या अनोळखी मशीनपेक्षा बरं. सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकरी याच गोष्टीला घाबरला होता आणि त्याचं बरोबर होतं.

तिसरा, हातातल्या साध्या अवजाराने जे होत नाही ते यातून होणार आहे का? काळ्या रानात हरळी-कुंदा होता म्हणून लोखंडी नांगराला अर्थ होता. माथेरानच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर गवत माणसाच्या कमरेला लागतं. जागा छोटी असेल तर विळा, कोयता, कुदळ, फावडं आणि घमेलं एवढ्यावर पहिला पावसाळा काढता येतो. गवत आवरेनासं झालं तर गवत कापायचं मशीन घ्यावं.

एक पावसाळा गेला की पाणी कुठे साचतं, माती कुठे वाहून जाते, कुठल्या कामात कंबर मोडते हे कळतं. मोठा खर्च त्यानंतर करावा. लक्ष्मणरावांनीही थेट नांगराला हात घातला नव्हता. सुरुवात गोठ्यातल्या कडब्यापासून झाली होती.