क्लॉद बर्नार : सशाच्या कानापासून आपल्या बोटापर्यंत

बोटाला लावायची क्लिप तुम्ही पाहिलीच असेल. आत एक एलईडी आणि एक फोटोडायोड. प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त वाढतं-कमी होतं, तशी स्क्रीनवर लाट उठते. पटकन खोल श्वास घेतला, की काही सेकंदांत ती लाट बारीक होते आणि मग पूर्ववत होते. आपण न सांगताच मज्जातंतूंनी रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. ही गोष्ट ज्यांच्यामुळे कळली, त्या क्लॉद बर्नार यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

त्यांचा जन्म १२ जुलै १८१३ चा, फ्रान्समधल्या एका खेड्यातला. वडील द्राक्षमळ्यात राबणारे. तरुणपणी त्यांनी औषधाच्या दुकानात उमेदवारी केली, पण मन नाटकात! नाटकाचं बाड घेऊन ते पॅरिसला गेले. तिथे एका समीक्षकाने त्यांना डॉक्टरकी शिकायचा सल्ला दिला आणि त्यांनी तो चक्क ऐकला.

१८५१ च्या सुमारास त्यांनी सशाच्या मानेतला एक मज्जातंतू कापला. त्यांना वाटलं होतं कान गार पडेल. झालं उलटंच, कान लाल आणि गरम झाला! म्हणजे तो तंतू रक्तवाहिन्या आवळून धरत होता. पुढे त्याच तंतूला वीज दिल्यावर वाहिन्या आकसतात, हेही सिद्ध झालं. यकृत स्वतः साखर तयार करतं, हा शोधही त्यांचाच.

पण किंमत मोठी होती. लग्नात आलेल्या पैशावर त्यांचं संशोधन चालू राहिलं, आणि जिवंत प्राण्यांवरच्या त्याच प्रयोगांमुळे बायको दुरावली. मुलींनीही आईचीच बाजू घेतली. हे वाचून मला फार अस्वस्थ वाटलं. मुली चुकल्या असं मला म्हणवत नाही. १८७८ मध्ये बर्नार गेले, तेव्हा मात्र सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली.

आमच्या फुलसावंगीसारख्या गावात शुगरवाले पाय सुन्न होईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. शुगर हेच बारीक तंतू खराब करते. मग खोल श्वास घेतला तरी बोटातली लाट फारशी बारीक होत नाही. हात गार नसला, तर ही तपासणी बरंच सांगून जाते, तेही सुई न टोचता. असं यंत्र स्वस्तात बनवून खेड्यात नेणं आपल्याला अवघड आहे का? फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी जरूर विचार करावा.