दोन बोटांचा वादक : जँगो राइनहार्ट

गिटार हें वाद्य आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. लग्नाच्या घरीं व नाताळच्या गाण्यांच्या साथीला त्याचा झंकार पुष्कळांच्या कानीं पडला असेल. परंतु मोठ्या वाद्यवृंदांत हें वाद्य फार काळ साथीचेंच गणलें जाई. ट्रंपेट, क्लॅरिनेट व पियानो यांच्या मागें बसून ठेका धरावा, एवढेंच त्याचें काम. पुढें येऊन स्वतः बोलण्याचा मान त्यास क्वचितच मिळे. जॅझ संगीतांत हा मान गिटारीला ज्यांनीं मिळवून दिला, त्यांत जँगो राइनहार्ट याचें नांव आजही अग्रभागीं घेतलें जातें. त्याच्या डाव्या हाताचीं दोनच बोटें धड होतीं, लिहिण्यावाचण्याशीं त्याचा संबंध नांवापुरताच होता, आणि आयुष्याचा बराच भाग त्याच्या डोक्यावर फिरत्या गाडीचेंच छप्पर होतें. अशा मनुष्यानें युरोपांतील रसिकांस वेड लावावें, ही गोष्ट नवलाची खरी. पण ती कशी घडली हें पाहूं लागलें म्हणजे नवलापेक्षां बोधच अधिक पदरीं पडतो.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजीं बेल्जियममधील लिबेर्शी नांवाच्या खेड्यांत झाला. त्याचें खरें नांव जाँ. जिप्सी म्हणून जगास ठाऊक असलेल्या रोमा लोकांच्या मानूश शाखेंत त्याचें कुटुंब मोडत असे. ह्या लोकांचे पूर्वज सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतूनच पश्चिमेकडे गेले, असें भाषाशास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे; पाणी, नाक व कान यांस त्यांच्या बोलींत आजही आपल्यासारखेच शब्द आहेत. जँगोचा पिता वादक होता. आई काटक व कर्तबगार बाई होती. गाडी जेथें थांबेल तेथें घर, असा त्यांचा प्रपंच. पुढें हें कुटुंब पॅरिसच्या जुन्या तटबंदीबाहेरील ओसाड जागेंत तळ देऊन राहूं लागलें. शाळेचें तोंड ह्या मुलानें जवळजवळ पाहिलेंच नाहीं. बारा वर्षांच्या सुमारास त्याच्या हातीं बँजो-गिटार आली, आणि मोठ्या माणसांच्या बोटांकडे टक लावून पाहत, कानानें टिपत टिपत तो ती वाजवूं लागला. लवकरच पॅरिसच्या नृत्यगृहांत अकॉर्डिअनवाल्यांच्या साथीला तो बसूं लागला. १९२८ सालीं त्याच्या वादनाच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. त्यांवर त्याचें नांव चुकीचें छापलें गेलें, कारण तें कसें लिहावें हें सांगण्याइतकेंही अक्षरज्ञान त्याजपाशीं नव्हतें. त्याच वर्षीं जॅक हिल्टन ह्या प्रख्यात इंग्रज वाद्यवृंदनायकानें त्याचें वादन ऐकून त्यास आपल्या ताफ्यांत बोलाविलें. अठरा वर्षांच्या पोराचें भाग्य उघडलें, असें सर्वांस वाटलें.

पण हिवाळ्याच्या तोंडीं एके रात्रीं सारें पालटलें. जँगो वादन आटोपून आपल्या गाडींत परतला. त्याची पत्नी सेल्युलॉइडचीं कृत्रिम फुलें करून विकत असे, व तीं गाडींत रचून ठेविलेलीं होतीं. मेणबत्तीची ज्योत त्या फुलांस लागली आणि क्षणार्धांत गाडीनें पेट घेतला. पति-पत्नी जीव वांचवून बाहेर पडलीं. परंतु ज्या डाव्या हातानें त्यानें अंगावरची घोंगडी आवरून धरली होती, तो हात होरपळला आणि उजवा पायही भयंकर भाजला. डॉक्टरांनीं पाय कापण्याचा सल्ला दिला. जँगोनें तो मानला नाहीं. पाय पुढें बरा झाला. पण डाव्या हाताची अनामिका व करंगळी हीं दोन्ही बोटें कायमचीं आखडलीं.

तंतुवाद्य वाजविणाऱ्यास ह्या हानीचा अर्थ सांगावयास नको. गिटारीच्या दांडीवर तारा दाबण्याचें काम डाव्या हाताच्या चार बोटांचें असतें. त्यांतलीं दोन गेलीं म्हणजे बारा वर्षांच्या वयापासून शिकलेलें सारें गेलेंच. पडल्या पडल्या दिवस मोजीत असतां धाकट्या भावानें, जोसेफनें, त्याला एक गिटार आणून दिली. सुमारें दीड वर्ष तो अंथरुणास खिळलेला किंवा हळूहळू उठूं-बसूं लागलेला होता. त्या अवधींत उरलेल्या तर्जनी व मध्यमा ह्या दोन बोटांनिशीं त्यानें ती विद्या पहिल्यापासून पुन्हा शिकण्यास आरंभ केला. चार बोटांचा वादक एका जागीं हात ठेवून तारांवरून आडवा फिरतो. जँगोला तें साधेना. म्हणून तो दांडीच्या लांबीवरून खालवर धांवूं लागला. एका स्वरावरून दुसऱ्यावर झेप घेतांना त्याच्या हातांतून जी चपळाई प्रकट होई, ती ह्या अडचणींतूनच जन्मास आली. आखडलेलीं बोटेंही त्यानें वायां जाऊं दिलीं नाहींत; तीं आंकड्यासारखीं बारीक तारांवर टेकवून तो स्वरसंघातांत त्यांचा उपयोग करूं लागला. उजव्या हाताचा आघात त्यानें इतका जोरकस केला कीं, ध्वनिवर्धकाच्या साहाय्यावांचूनही त्याचा स्वर दूरवर पोहोंचे.

सुमारें १९३१ सालीं दक्षिण फ्रान्समधील तूलाँ बंदरांत एका चित्रकाराच्या बिऱ्हाडीं त्यानें अमेरिकन तबकड्या ऐकिल्या. लुई आर्मस्ट्राँगचें ट्रंपेट ऐकून तो भारावून गेला, आणि जॅझ हेंच आपलें संगीत असा त्याचा निश्चय झाला. पुढें पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलांत एका वाद्यवृंदांत असतांना तो व व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली हे फावल्या वेळांत पडद्यामागें बसून केवळ स्वतःच्या आनंदासाठीं वाजवूं लागले. त्यांतूनच १९३४ सालीं हॉट क्लब नांवाच्या रसिकमंडळाच्या आश्रयाखालीं त्यांचें पंचक उभें राहिलें. एक व्हायोलिन, तीन गिटारी व एक डबल बास, असा तो मेळ होता. ढोल नाहीं, पियानो नाहीं, तोंडानें फुंकण्याचें वाद्य नाहीं. दोन गिटारी ताल धरीत आणि तिसरी, जँगोची, मोकळेपणानें विहरे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘डायना’, ‘टायगर रॅग’, ‘लेडी बी गुड’ अशा अमेरिकेंत आधींच लोकप्रिय झालेल्या चालींच्या तबकड्या ह्या पंचकानें काढल्या. जॅझ वादकाची रीत अशी कीं, चाल एकवार सरळ वाजवावी आणि मग तिच्या पाठीमागील स्वरसंघातांचा क्रम कायम ठेवून त्यावर नवनवीन स्वररचना त्या क्षणींच उभी करावी. आपल्याकडील गवई बंदिशीचा मुखडा सांभाळून ताना-आलापांनीं तिचा विस्तार करितो, तसाच हा प्रकार. हें काम ट्रंपेटवाल्यांनीं केलेलें लोकांनीं पुष्कळ ऐकिलें होतें. तेंच काम केवळ तारांवर, तेंही दोन बोटांनीं, एवढ्या तडफेनें व एवढ्या माधुर्यानें होऊं शकतें, हें मात्र नवें होतें. १९३७ सालीं कोलमन हॉकिन्स व बेनी कार्टर ह्या थोर अमेरिकन वादकांनीं पॅरिसमध्यें तबकड्या काढल्या, तेव्हां गिटारीवर जँगोच होता.

त्याचे दोष झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. वेळेचें बंधन त्यास ठाऊक नव्हतें. हातीं पैसा आला कीं जुगारांत जाई, आणि वाजविण्याची तारीख ठरलेली असतांही तो कित्येकदां कोठें तरी निघून जाई. अशा वेळीं त्याची उणीव भरून काढतां काढतां ग्रापेलीची तारांबळ उडे. तरीही त्याच ग्रापेलीनें त्याला थोडी अक्षरओळख करून दिली.

सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्धास तोंड लागलें, तेव्हां हें पंचक लंडनमध्यें होतें. ग्रापेली तेथेंच राहिला. जँगो तांतडीनें फ्रान्सला परतला. पुढील वर्षीं पॅरिस जर्मनांच्या हातीं गेलें. नाझी राज्यांत रोमा लोकांवर जें संकट कोसळलें, तें ज्यू लोकांवरील संकटासारखेंच होतें. युरोपभर लक्षावधि रोमा छावण्यांत व बाहेर मारले गेले. अमेरिकन संगीतावरही राज्यकर्त्यांचा रोष होता. म्हणून वादक जुन्या चालींस फ्रेंच नांवें देऊन त्या वाजवीत. ह्याच दिवसांत, डिसेंबर १९४० मध्यें, जँगोनें ‘न्युआज’, म्हणजे ‘मेघ’, ही आपली रचना तबकडीवर उतरविली. अंधाऱ्या शहरांत ती घरोघरीं गुणगुणली जाऊं लागली. कीर्तीनें त्याचें रक्षण केलें खरें, पण भीति सुटली नाहीं. १९४३ सालीं त्यानें स्वित्झर्लंडमध्यें निसटून जाण्याचा यत्न केला. तो सिद्धीस गेला नाहीं.

ह्याच काळांत त्याच्या मनानें एक वेगळीच उभारी घेतली. आपल्या लोकांसाठीं एक मिस्सा रचावी, असें त्यास वाटलें. दरवर्षीं मे महिन्यांत रोमा लोक दक्षिण फ्रान्समधील सेंत-मारी-द-ला-मेर येथें समुद्रतीरावरील मंदिराच्या यात्रेस मोठ्या भक्तिभावानें जमतात. परंतु त्यांची म्हणावी अशी मिस्सा नव्हती. स्वर तर जँगोच्या अंतरांत होते, पण ते कागदावर उतरविण्याची विद्या त्याजपाशीं नव्हती. तो वाजवून दाखवी आणि सहकारी क्लॅरिनेटवादक लेव्हेक तें लिहून घेई. अशा रीतीनें काम होईल तेवढें झालें. १९४४ सालीं तिचा एक भाग पॅरिसच्या अंध मुलांच्या विद्यालयाच्या प्रार्थनामंदिरांत ऑर्गनवर वाजविण्यांत आला. मिस्सा मात्र पुरी झाली नाहीं.

येथें आपल्याकडील एक गोष्ट सहज मनांत येते. गोव्यांतील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा आहे. तेथें शिकलेले कित्येक वादक १९३० नंतरच्या मुंबईंत जॅझच्या वाद्यवृंदांत झळकले. जी विद्या त्यांस बाळपणीं देवळाच्या छायेंत मिळाली, ती जँगोस लाभली नाहीं, आणि ज्या एका कामीं ती त्यास सर्वांत अधिक हवी होती, तेथें त्यास दुसऱ्याच्या लेखणीवर विसंबावें लागलें.

युद्धानंतर, नोव्हेंबर १९४६ मध्यें, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर वाजविण्यासाठीं तो अमेरिकेस गेला. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील पहिल्या रात्रीं श्रोत्यांनीं त्याचा मोठा गौरव केला. दुसऱ्या रात्रीं मात्र तो फार उशीरां पोहोंचला. मनांत बाळगिलेल्या आशा तेथें फळास आल्या नाहींत, आणि काहीं महिन्यांतच तो परतला. १९५१ सालीं सेन नदीकांठच्या सामोआ ह्या लहान गांवीं त्यानें घर केलें. मासे धरावे, चित्रें काढावीं, मनास येईल तेव्हां वाजवावें, असे त्याचे अखेरचे दिवस गेले. १६ मे १९५३ रोजीं पॅरिसहून वादन करून परततांना घराजवळ तो एकाएकीं कोसळला व मेंदूंतील रक्तस्रावानें निवर्तला. त्या वेळीं त्याचें वय अवघें ४३ वर्षांचें होतें. सामोआ येथेंच त्यास मूठमाती देण्यांत आली.

मानूश लोकांच्या तळावर आजही मुलें वडीलधाऱ्यांच्या बोटांकडे पाहून त्याच्या चाली उचलतात. त्यांस चारही बोटें असतात. तरी कित्येक जण हट्टानें दोनच बोटांनीं त्याच्या ताना वाजवून पाहतात. हातचें गेलें त्याचा शोक करीत न बसतां उरलें तें त्यानें कामास लाविलें, हें त्याच्या जीवनाचें सार होय. आणि विद्येवांचून त्याची मिस्सा कशी अडली, हेंही विसरूं नये. आमच्या गायनवृंदांतील जीं मुलें आज स्वरलिपीचा कंटाळा करितात, त्यांनीं ह्या दोन्ही गोष्टी मनांत धरिल्यास हा अल्पसा चरित्रलेख कारणीं लागला, असें आम्ही समजूं.