मॅट्रिक न झालेल्या माणसाचं कॉलेज

वाशीच्या सेक्टर १५-ए मधलं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज तुम्हाला माहीतच असेल. जुन्या वाशीकरांच्या तोंडी अजूनही ‘मॉडर्न’ हेच नाव असतं. १९७९ पासून नवी मुंबईच्या कितीतरी पिढ्या इथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. गेटवर ज्यांचं नाव आहे, ते भाऊराव मात्र स्वतः कधी कॉलेजात गेले नाहीत. मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते!

आज दहावी-बारावीच्या मुलांना ‘कॉलेजसाठी तयार’ करायचं म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? क्लास, टेस्ट सिरीज, अॅप्टिट्यूड टेस्ट, काउन्सेलिंगचं पॅकेज. भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. मुलगा हुशार आहे की नाही, हे ते नंतर बघायचे. तो राहणार कुठे, जेवणार काय आणि वह्या कशाने घेणार, हे आधी.

बोर्डिंगमधून बाहेर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घर जैन शेतकऱ्याचं, वडील सरकारी नोकरीत. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. तिथे असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या एका कार्यक्रमाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच आत यायचं, असं सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. राजर्षी शाहू महाराजांचा आधार मिळाला, पण अभ्यासात काही गाडी पुढे सरकली नाही.

मग ते साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणायचे. पुढे ओगले आणि किर्लोस्कर यांच्या मालाची विक्री केली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असं मानणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी नांगर उतरवायचा म्हणजे चेष्टा नव्हती. या फिरतीत त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक, अनोळखी माणसाशी बोलून त्याला पटवायची हातोटी. आणि दुसरी, खेड्यांची खरी माहिती. गावोगाव चुणचुणीत पोरं होती, पण शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर शहरात जायचं, आणि शहरात त्यांना ठेवून घेणारं कुणी नव्हतं.

आधी भाकरी, मग भूमिती

४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला हललं आणि तिथे वसतिगृह उभं राहिलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची आणि एकाच पंगतीत जेवायची. त्या काळात हे बोलणंही धाडसाचं होतं, इथे रोज घडत होतं. १९२७ मध्ये महात्मा गांधी हे वसतिगृह बघायला आले आणि त्यांच्याच हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं.

पण नाव मिळालं म्हणून डाळ शिजत नाही. भाऊराव दारोदार धान्य मागायचे. दळताना घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहाला द्यायचं, हा त्यांचा ‘मुष्टिफंड’. तोही कमी पडला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात भाऊरावांचं नाव ठळक आहे. पण त्या मुलांचं पोट भरणाऱ्या बाईचंही तेवढंच ठळक असायला हवं.

मुलं फुकट खात नव्हती, हेही लक्षात घ्या. शेतात राबणं, पाणी भरणं, दगड-माती वाहून भिंत उभी करणं, सगळं तीच करायची. कमवा आणि शिका. यामागे पैशाची अडचण होतीच, पण विचारही होता. शिकला की पोरगा हाताने काम करायला लाजतो, ही भाऊरावांना मोठी भीती वाटायची. कामाची लाज गेली आणि दानाचं ओझं नसलं की मूल ताठ मानेने शिकतं, हा त्यांचा हिशेब होता.

एक पायरी झाली की पुढची

भाऊरावांच्या कामाची एक खुबी आहे. एका पायरीवर पोचलेली मुलं पुढे कुठे अडतात, ते बघायचं आणि तिथे पुढची पायरी बांधायची. खेड्यात शिक्षक नाहीत? १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं. तिथून तयार झालेले मास्तर शाळा नसलेल्या गावांत गेले आणि शेकडो शाळा उभ्या राहिल्या. चौथीनंतर काय? १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आलं, तेही कमवा आणि शिका तत्त्वावर. मॅट्रिकनंतर काय? १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. मधल्या काळात सरकारने संस्थेचं अनुदान थांबवलं होतं. ते परत मिळावं म्हणून स्वतः गाडगेबाबांनी शब्द टाकला होता.

या पायऱ्या कुठवर नेतात, याचं उदाहरण म्हणजे बॅरिस्टर पी. जी. पाटील. साताऱ्याच्या बोर्डिंगमधला हा गरीब घरचा मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन रयतच्याच कॉलेजचा प्राचार्य झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. तोवर संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर गेल्या होत्या. आज रयतच्या शाखा सातशेच्या वर आहेत.

आता तुमची पाळी

भाऊरावांचं काम संपलं, असं मात्र समजू नका. साताऱ्या-सांगलीकडून आलेले कितीतरी माथाडी कामगार आज तुर्भ्याच्या एपीएमसीत पाठीवर पोती वाहतात, कोपरखैरणे-घणसोलीत राहतात. त्यांच्या मुलांना चौथीनंतर शाळा शोधावी लागत नाही. पायरी आता दुसरीकडेच अडते. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना कॉलेजांचा पसंतीक्रम कसा लावायचा, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल कधी काढून ठेवायचं, महाडीबीटीवर स्कॉलरशिप कशी भरायची, आयटीआय की डिप्लोमा की सायन्स, हे सांगणारं घरात कुणी नसतं. एका कागदापायी वर्ष हातचं जाऊ शकतं.

तुम्ही या सगळ्यातून गेला आहात. तेव्हा तुमच्या बिल्डिंगमध्ये, चाळीत, गावठाणात दहावी-बारावीला कोण आहे ते बघा. निकाल लागायच्या आधीच एक रविवार काढून त्याच्यासोबत बसा. कागदांची यादी करून द्या, तुमच्या कॉलेजची लायब्ररी आणि लॅब दाखवून आणा. आणि तुमची स्वतःची फी जड जात असेल, तर ऑफिसात जाऊन कमवा-शिका योजनेची चौकशी करा. पुणे विद्यापीठात तर ही योजना भाऊरावांच्याच नावाने चालते. लायब्ररीत पुस्तकं लावून चार पैसे मिळवण्यात कमीपणा कसला? शिवाजी कॉलेजच्या मुलांनी तर शेतात राबून पदव्या घेतल्यात.