कवडशाचा अभ्यासक : इब्न अल्-हैथम

अंबाजोगाईतल्या पत्र्याच्या घरात दुपारी छपराच्या बारीक भोकातून जमिनीवर कवडसा पडतो. भोक वेडेवाकडे असले तरी कवडसा गोल दिसतो आणि सूर्यग्रहणात तोच कोरीसारखा होतो. या साध्या गोष्टीचा कसून अभ्यास करणारा एक थोर शास्त्रज्ञ हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव इब्न अल्-हैथम.

इ. स. ९६५ च्या सुमारास इराकमधील बसरा येथे त्याचा जन्म झाला. नाईल नदीचे पाणी आटोक्यात आणता येईल, हे त्याचे मत ऐकून इजिप्तचा खलिफा अल्-हाकीम याने त्याला बोलावून घेतले. नदी प्रत्यक्ष पाहिल्यावर हे काम होणारे नाही, हे त्याला कळून चुकले. लहरी खलिफाच्या भीतीने त्याने वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये खलिफाचा अंत होईपर्यंत तो स्थानबद्ध राहिला, असे जुने चरित्रकार सांगतात. पुढे कैरोमध्ये ग्रंथांच्या नकला करून त्याने पोट भरले. तेथेच १०४० च्या सुमारास तो वारला.

डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात, असे युक्लिड व टॉलेमी मानीत. आपल्या न्यायदर्शनाचेही मत असेच आहे. मग प्रखर उजेडाने डोळे का दुखतात, डोळे मिटल्यावरही तेजस्वी वस्तू का दिसत राहते, असा प्रश्न इब्न अल्-हैथमला पडला. अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर त्याने अनेक दिवे ठेवले. एक दिवा झाकला की आतील त्याचाच ठिपका नाहीसा होई. प्रकाश वस्तूकडून सरळ रेषेत डोळ्यांत येतो, हे त्याने ‘किताब अल्-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथात मांडले. केवळ डोळा पाहत नाही. स्मृती व बुद्धी मिळून पाहतात, म्हणूनच क्षितिजावरचा चंद्र मोठा भासतो, हेही त्याने सांगितले. १५७२ मध्ये हा ग्रंथ लॅटिनमध्ये बाझेल येथे छापला गेला.

त्याचेही सारेच बरोबर नव्हते. प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर उमटते, हे १६०४ मध्ये केप्लरने दाखवले. पण टॉलेमीला गुरुस्थानी मानूनही त्याच्या चुकांवर इब्न अल्-हैथमने स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हे त्याचे खरे मोठेपण. घरात पहिल्यांदाच पुस्तक हाती घेणाऱ्या आम्हा मुलांना छापलेला प्रत्येक शब्द प्रमाण वाटतो. ग्रंथाचा आदर राखूनही शंका विचारता येते, हा धीर त्याच्या चरित्रातून मिळतो.