सर्पगंधेचे डॉक्टर

बुऱ्हाणपूरला आमच्या घरी आजीच्या औषधांचा डबा मी भरायचे. दिवाळीच्या सुट्टीत पाहिलं, तर बीपीच्या गोळ्या तशाच पडलेल्या. डोकं दुखत नाही तर गोळी कशाला, असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही. फेब्रुवारीत तिला लकवा झाला; उजवा हात गेला, बोलणंही गेलं.

मेंदू वाचवणारं औषध नाही का, हे मी डॉक्टरांना विचारलं. रक्त कमी पडलेल्या पेशी काही तास अर्धमेल्या तग धरतात. त्यांना जगवणारी औषधं शोधायचे शेकडो प्रयत्न झाले. उंदरांवर बरीच लागू पडली, माणसांवर जवळजवळ सगळी फसली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्हाला सकाळीच कळलं, रात्र निघून गेली होती.

मग लकवा होण्याआधीच तो टाळायचं औषध कुणी आणलं, हे शोधताना मला डॉ. रुस्तम जाल वकील सापडले. जन्म १९११, मुंबईचे पारशी. लंडनहून शिकून परतले आणि मुंबईतच हृदयरोग पाहू लागले. तेव्हा वाढलेल्या रक्तदाबावर धड औषध नव्हतं. उलट त्याला नाव होतं इसेन्शियल हायपरटेन्शन. अरुंद झालेल्या नसांतून रक्त ढकलायला तो दाब हवाच, असं कित्येक डॉक्टर धरून चालत. एका विशेषणापायी किती रुग्ण तसेच राहिले असतील, हा साहित्याच्या विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न.

सर्पगंधेचं मूळ वैद्यांना ठाऊक होतं. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये त्यावर लिहिलंही होतं. वकिलांनी पन्नास रुग्णांना ते देऊन चिकाटीनं दाब मोजला आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्विस संशोधकांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले.

रेसर्पिननं काहींना उदासीनता यायची, म्हणून ते मागे पडलं. आजीची गोळी वेगळी, बरीच नंतरची.

आजी आता डाव्या हातानं जपमाळ ओढते. गोळी मामी देते. मी हॉस्टेलवरून रोज सकाळी फोन करून विचारते, घेतली का. पलीकडून हुंकार येतो.